पहिल्या वर्गाचा संडास

डबा ट्रेलरवरून उतरवला तेव्हा त्यातून आधी कबुतरं बाहेर आली, मग वास आला, आणि सगळ्यात शेवटी प्रधानसाहेब बाहेर आले. ते आत अर्धं मिनिटसुद्धा थांबले नसतील. नाकावरचा रुमाल न काढता ते म्हणाले, "अप्रतिम आहे."

हे त्र्याण्णव सालचं. भाईंदर पश्चिमेला, मिठागरं सुरू होतात तिथे जयंतीभाई बिल्डरची एक शेड रिकामी पडली होती. रेल्वेच्या भंगारातून त्यांनी दोन जुने लाकडी डबे उचलले ते आतल्या सागवानासाठी. एक डबा फोडूनही झाला. दुसरा फोडायच्या आत हरिश्चंद्र प्रधान त्यांना जाऊन भेटले. म्हणाले, लाकूड काय, कुठेही मिळतं. पण तुमच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या शेजारी रेल्वेचं संग्रहालय असलं, तर फ्लॅट बघायला येणारा माणूस वेगळ्या दर्जाचा असेल. जयंतीभाईंना दर्जा हा शब्द फार आवडायचा. त्यांनी शेड दिली, डबा दिला, आणि पहिल्या डब्याचे उरलेले दरवाजे, कड्या, नळ असं सगळं एका कोपऱ्यात रचून दिलं.

असं आमचं रेल्वे वारसा मंडळ निघालं. सदस्य सहा, सगळे स्वयंसेवक, काम फक्त रविवारी. अध्यक्ष प्रधानसाहेब, विक्रीकर खात्यातून निवृत्त. त्यांच्या पत्नी मनोरमावहिनी खजिनदार आणि साबुदाण्याची खिचडी. औषध कंपनीतले दशरथ राणे. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मृणालिनी देव. सेक्रेटरी मी, करंदीकर. विमा कंपनीत सेक्शन हेड. आम्ही सगळे मुंबईत जागा परवडेना म्हणून भाईंदरला आलो होतो आणि मोकळ्या हवेसाठी आलो असं सांगत होतो.

सहावे खंडू जाधव. ते परळच्या रेल्वे कारखान्यात बत्तीस वर्षं डब्यांवर अक्षरं लिहायचे. नंबर, वर्ग, कंपनीचं चिन्ह, सगळं हाताने, ब्रशने. वयाने ते आमच्यात सगळ्यात मोठे. डबा म्हणजे काय, हे आमच्यात फक्त त्यांना माहीत होतं. बाकी सगळे आडनावाने आणि साहेब-मॅडम लावून. ते मात्र खंडू. फार तर खंडूदादा. आता मी त्यांना जाधव म्हणतोय, तेव्हा मीही खंडूच म्हणायचो.

ते मंडळात का आले, हे त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितलं. त्यांनी बरोबर ओला पॉलिश पेपर आणला होता. डब्याच्या बाहेरच्या अंगाला, खिडकीच्या खाली त्यांनी ताटाएवढी जागा घासायला घेतली. रंगाचे थर एकाखाली एक निघत गेले, मातकट, लाल, पुन्हा मातकट, हिरवट. झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं दिसायला लागली. तिसऱ्या थराखाली पुसट पिवळा आकडा आला. सहा.

"हा माझा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?" प्रधानसाहेबांनी विचारलं.

"साठ साली मी लिहिलाय, साहेब. उस्तादच्या हाताखाली नवा होतो. पोट बघा सहाचं. बेडकी फुगल्यासारखं. उस्ताद म्हणाला, खंड्या, हा सहा आहे की बाळंतीण? पण डबा सकाळच्या गाडीला जोडायचा होता. तसाच गेला." त्यांनी ओल्या फडक्याने आकडा पुसला. "पुढे बत्तीस वर्षांत असा सहा परत काढला नाय. पण हा तसाच फिरत राहिला. मला तेवढा नंबर नीट लिहायचाय. बाकी तुम्ही सांगाल ते काम करतो."

"अरे, तुझ्याशिवाय कोण लिहिणार?" प्रधानसाहेब म्हणाले. "अक्षरं शेवटी. सगळं झाल्यावर."

जाधवांनी मान डोलावली. पत्र्याच्या नळकांड्यातून त्यांनी सुईने टोचलेल्या कागदांच्या गुंडाळ्या काढून मला दाखवल्या. कागद भिंतीला लावायचा, वरून खडूची पुरचुंडी थोपटायची, की भोकांतून आकड्याची कड उमटते. एकेक कागद पंचवीस वर्षांचा. मी वा म्हणालो. मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

आम्हाला एकाच तऱ्हेची संस्था चालवता यायची, ती म्हणजे हाउसिंग सोसायटी. त्यामुळे मंडळात मिनिट्सचं रजिस्टर आलं, कोरम आला, आणि चिठ्ठ्या आल्या. आमच्या सोसायट्यांमध्ये पार्किंग चिठ्ठीने, टाकीच्या सफाईवर लक्ष ठेवायची पाळी चिठ्ठीने, गणपतीत आरतीचा मान चिठ्ठीने. कुणाला बोलायला जागा नको. प्रधानसाहेबांनी ठरवलं की दर रविवारी सहा कामांच्या सहा चिठ्ठ्या करायच्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या आणि ज्याने त्याने उचलायच्या. छत, खिडक्या, पितळ, बाकं, जमीन, संडास. चिठ्ठ्या लिहिणं आणि घडी घालणं हे काम सेक्रेटरीचं.

संडासाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे त्याच्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

पहिल्या वर्गाचा डबा असल्यामुळे संडासही पहिल्या वर्गाचा होता. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी होता. मग डबा साइडिंगला लागला. त्यात आधी गँगमन राहिले, मग शेळ्या, मग कुणीच नाही, आणि ज्या जागेत कुणीच राहत नाही तिचा आपल्याकडे जो उपयोग होतो तो वीस वर्षं झाला. संडासातच झाला असंही नाही. पण संडासात जरा जास्त भक्तिभावाने झाला. भांडं दिसत नव्हतं. त्या जागी एक वारूळ होतं. त्याला थर होते आणि ते घासून मोजायची कुणाला इच्छा नव्हती. वर कबुतरांनी आपली भर घातली होती. कोपऱ्यात काहीतरी मेलेलं होतं. ते मांजर होतं की मोठी घूस, यावर राणे आणि प्रधानसाहेब दरवाजाबाहेर उभे राहून बराच वेळ बोलले.

पहिल्या रविवारी संडासाची चिठ्ठी राण्यांना आली. त्यांनी ती वाचली आणि लगेच कंबरेवर हात ठेवला.

"खंडूदादा, जरा बदलता का? माझी पाठ बघा ना. वाकलो की गेलोच."

जाधवांकडे पितळ होतं. त्यांनी एकदा राण्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग चिठ्ठी दिली. राणे दिवसभर वाकून पितळ घासत होते.

दुसऱ्या रविवारी मृणालिनीताई. "मला काही प्रॉब्लेम नाही हं. पण आज एकादशी आहे ना. खंडूदादा, प्लीज."

तिसऱ्या रविवारी मी. मी म्हणालो, मला वासाची अ‍ॅलर्जी आहे. वासाची अ‍ॅलर्जी नसलेला माणूस कसा असतो हे मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या वेळी ते वैद्यकीय कारण वाटलं. जाधव म्हणाले, "द्या." बस्स, एवढंच.

चौथ्या रविवारी ती चिठ्ठी खुद्द जाधवांनीच उचलली, आणि सगळ्यांनी असा श्वास सोडला की जणू देवानेच आमच्या शहाणपणावर सही केली. मनोरमावहिनी म्हणाल्यासुद्धा, "बघा, ज्याचं त्यालाच जातं." मग त्यांना काय बोललो ते कळलं असावं. त्या खिचडी वाढायला निघून गेल्या.

पाचव्या रविवारी प्रधानसाहेब. पितृपंधरवडा होता. सहाव्याला पुन्हा मी. या वेळी मी कारणसुद्धा दिलं नाही. नुसती चिठ्ठी पुढे केली.

आम्ही कुणी जातीचा शब्द काढला नाही. आम्ही सुशिक्षित होतो. मृणालिनीताई तर दर वर्षी चौदा एप्रिलला शाळेत भाषण करायच्या. फक्त सहा रविवार एका माणसाच्या हातात घमेलं होतं आणि पाच माणसांच्या हातात खिचडीच्या बशा होत्या, आणि हे चिठ्ठीने झालं होतं.

घमेलं बाहेर आलं की बोलणं थांबायचं. बशा पाठीमागे जायच्या. जाधव तोंडाला फडकं बांधून आमच्या मधून जायचे, शेडच्या मागच्या खड्ड्यात ओतायचे, परत यायचे. दुपारी जेवायला ते लांब पाण्याच्या पिंपाजवळ बसायचे. राणे एकदा म्हणाले, "असे लांब का बसता? इकडे या की." आणि हे म्हणताना ते स्वतः बाकाच्या टोकाला सरकले, ते जागा द्यायला की अंतर ठेवायला, हे मला आजही ठरवता येत नाही.

दरम्यान आम्हीही डबा घडवत होतो. आमच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी फ्लॅटचं इंटीरियर केलं होतं, तेवढा अनुभव पुरेसा होता. छताचं नक्षीदार लाकूड पांढऱ्या प्लास्टिक पेंटखाली गेलं, कारण डबा उजळ दिसतो. दोन ट्यूबलाइट लागल्या. बाकांच्या पाठींना प्रधानसाहेबांनी सनमायका लावला. आतलं सागवान सत्तर वर्षं टिकलं होतं, पण सनमायका पुसायला सोपा. जाधव एकदाच म्हणाले, "साहेब, पॉलिश करून दिलं असतं मी." प्रधानसाहेब म्हणाले, "अरे, पब्लिक हात लावणार ना."

सहाव्या रविवारी संध्याकाळी जाधवांनी आम्हाला हाक मारली.

संडासाचं दार उघडं होतं. आत पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचं भांडं होतं, आतल्या बाजूने निळ्या फुलांची वेल. भांड्यावर सागवानी झाकण, पॉलिश केलेलं. पितळेची साखळी, पितळेचा नळ, हात धुवायचं बशीएवढं भांडं. मोडके भाग त्यांनी पहिल्या डब्याच्या ढिगातून शोधून बसवले होते. पितळ चिंच लावून घासलेलं, तळाची संगमरवरी फरशी साबणाने. दारावर आतून एक बारीक इंग्रजी सूचना होती, गाडी उभी असताना वापर करू नये, ती त्यांनी जुन्या अक्षरांवरून जशीच्या तशी उठवली होती. वासाचा मागमूस नव्हता. संपूर्ण डब्यात पहिल्या वर्गाची ती एकच जागा उरली होती.

राणे म्हणाले, "इथे राहायला येईन मी."

"आता अक्षरं," जाधव म्हणाले.

सातव्या रविवारी मी चिठ्ठ्या लिहिल्या. संडासाच्या जागी अक्षरं. अक्षरांची चिठ्ठी डब्यात टाकायची की नाही, हे मी प्रधानसाहेबांना विचारलं होतं. एका माणसाचं काम ठरलेलं असताना चिठ्ठी कशाला? ते म्हणाले, "करंदीकर, पद्धत एकदा मोडली की मोडली." मी चिठ्ठी टाकली. जाधव त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. नळकांडं काखेत.

अक्षरांची चिठ्ठी प्रधानसाहेबांना गेली. जाधवांना छत.

जाधव थोडे थांबले. त्यांना वाटलं असावं की प्रधानसाहेब आपण होऊन पुढे करतील. मग ते म्हणाले, "साहेब, बदलता का?"

सात रविवारांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं.

प्रधानसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "अरे खंडू, असं कसं? चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. जो तो बदलायला लागला तर शिस्त काय राहिली?"

मनोरमावहिनींनी खिचडीच्या पातेल्यात डाव घातला आणि बाहेर काढलाच नाही. राणे पाठ चोळायला लागले. मृणालिनीताईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी सेक्रेटरी. मी माझी चिठ्ठी पुन्हा वाचली. पितळ. एका शब्दाची चिठ्ठी मी बराच वेळ वाचत होतो.

"आणि तुझं वयही झालंय," प्रधानसाहेब समजुतीने म्हणाले. "शिडीवर चढून ब्रश चालवायचा म्हणजे. मी स्टेशनजवळच्या पोराला सांगितलंय, रिक्षाला रेडियम लावतो तो. कॉम्प्युटरवर कापून देतो. एकदम फिनिश."

म्हणजे चिठ्ठी निघायच्या आधीच सांगून झालं होतं. हे सगळ्यांच्या लक्षात आलं. जाधवांच्याही. त्यांनी नळकांडं पिंपाजवळ ठेवलं, ब्रश घेतला आणि छताला पांढरा प्लास्टिक पेंट लावायला गेले.

पुढच्या आठवड्यात सोनेरी रेडियम आलं. रात्री हेडलाइट पडला तर चमकणार होतं, पण डब्यावर हेडलाइट कोण पाडणार हे कुणी विचारलं नाही. सहा आकडा जुन्या सहावरच चिकटवला. त्याला पोटच नव्हतं. रिक्षावरच्या सहासारखा तो सहा होता.

उद्घाटनाला जयंतीभाई प्रमुख पाहुणे. आधी डब्यात सत्यनारायण झाला, मग नारळ, मग भाषणं, मग जेवण: पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, आणि जयंतीभाईंच्या घरून आलेलं उंधियू. मठ्ठ्याचं पातेलं थंडाव्याला डब्याच्या खाली ठेवलं होतं. जाधव येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. बरोबर त्यांची बायको भीमाबाई आणि मुलगी संघप्रिया. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. त्यांनी दोघींना थेट संडासाशी नेलं. बाकीच्या डब्याकडे तिघांनीही पाहिलं नाही.

भीमाबाईंनी आत वाकून बघितलं. "अगं बाई. आपल्या घरात बी एवढं लखलखीत न्हाय. हितं काय पूजा करायची का काय?"

"बाबा, हे सगळं तुम्ही एकट्याने?" संघप्रियाने विचारलं.

"चिठ्ठी निघायची ना," जाधव म्हणाले.

जेवणानंतर जयंतीभाई डबा बघायला चढले. सत्तरीचे, मधुमेही, आणि त्यांनी उंधियू दोनदा घेतलं होतं. सनमायकाला हात लावून त्यांनी गुजरातीत सारू म्हटलं, ट्यूबलाइटला सारू म्हटलं. मग संडासाच्या दारात थबकले. इतकं स्वच्छ, इतकं चकचकीत, साखळीसकट. आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही की इतका चांगला संडास बघितल्यावर माणसाला काय वाटेल.

"अरे वाह. प्रधानसाहेब, ये तो एकदम चालू हालत में है," ते म्हणाले, आत गेले आणि कडी लावली.

प्रधानसाहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. तोंड उघडलं, पण ज्याची शेड त्याला काय सांगणार? राणे दाराशी जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, "शेठ, वो... वो देखने के लिए है." आतून जे उत्तर आलं ते शब्दांत नव्हतं.

टाकीत पाणी नव्हतं. टाकीच नव्हती. पाइप सरळ खाली शेडच्या जमिनीवर उघडत होता, मठ्ठ्याच्या पातेल्यापासून दोन हातांवर. पातेल्यावर झाकण होतं. तरी त्यानंतर मठ्ठा कुणी घेतला नाही, राणे सोडून. पाइप कुठे उघडतो हे त्यांना माहीत नव्हतं म्हणे. खाली जे गेलं ते थोडं होतं. बाकीचं भांड्यात, निळ्या वेलीवर, झाकणावर, आणि संगमरवरावर. जयंतीभाईंनी साखळी ओढली, पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा ओढली तेव्हा ती हातात आली. ते बाहेर आले, साखळी प्रधानसाहेबांच्या हातात दिली, म्हणाले, "पानी का थोडा देख लो," आणि गाडीत बसून गेले.

मग सगळ्यांच्या माना वळल्या. कुणी ठरवून नाही. मलाही माझी मान वळल्यावरच कळलं. आम्ही पाचही जण जाधवांकडे बघत होतो, आणि त्यांची बायको आणि मुलगी आमच्याकडे बघत होत्या.

"खंडू," प्रधानसाहेब हळूच म्हणाले, "जरा... तुला माहितीये सगळं कसं ते."

"आज माझी चिठ्ठी नाय निघाली, साहेब."

"अरे, आता चिठ्ठ्या काय काढायच्या? पाहुणे आहेत बाहेर." प्रधानसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, इतक्या रविवारांत तो हात तिथे पहिल्यांदा गेला. "हे बघ. एवढं उरकून टाक. पुढच्या रविवारी ते रेडियम काढून टाकतो. नंबर तू लिही. माझा शब्द."

जाधव खाली उतरले आणि बाहेरून डब्याच्या त्या जागी जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मला दिसत होतं, त्यांचा अंगठा रेडियमच्या सहाच्या कडेवरून फिरत होता, एक कोपरा सुटलाच होता, नखाने उचलला असता तर सगळा आकडा हातात आला असता. संघप्रिया पुढे झाली तशी भीमाबाईंनी तिचा हात धरला. त्यांना हा निर्णय नवऱ्याचा हवा होता.

जाधवांनी तो कोपरा अंगठ्याने दाबून परत नीट चिकटवला.

"चला गं," ते म्हणाले. "रिक्षा मिळायची नाय नंतर."

ते गेल्यावर बाकीचे गेले. राण्यांची पाठ, मृणालिनीताईंचा क्लास, वहिनींना भांडी परत द्यायची होती. प्रधानसाहेब म्हणाले, बघतो उद्या कुणीतरी माणूस. शेडची किल्ली सेक्रेटरीकडे असते. दार लावायला मी मागे राहिलो आणि लावताना वास आला.

मी साफ केलं. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. उद्या माणूस येणार म्हणजे कोण येणार हे मला माहीत होतं, एवढंच. दोनदा ओकलो, त्यामुळे काम वाढलं. वाण्याकडून अ‍ॅसिडची बाटली आणून सगळीकडे ओतली, कारण घरी आमच्याकडे तसंच करतात. संगमरवरावरून फेस निघाला. सकाळी पाहिलं तर फरशीला खड्डे पडले होते, पितळ हिरवं झालं होतं, आणि चिंचेने घासलेल्या त्या सगळ्या रविवारांचं काहीच उरलं नव्हतं.

पुढच्या सभेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. प्रधानसाहेब बोलताना गहिवरले. करंदीकरांसारखा उच्चपदस्थ माणूस स्वतःच्या हाताने हे काम करतो, याला म्हणतात सेवा, असं ते म्हणाले. मृणालिनीताईंनी महात्मा गांधींचं उदाहरण दिलं. अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि तो रजिस्टरमध्ये मीच लिहिला. जाधवांनी केलेल्या सहा रविवारांची नोंद मी चाळून पाहिली. प्रत्येक ठिकाणी माझ्या अक्षरात लिहिलं होतं: कामे चिठ्ठीप्रमाणे पार पडली. शाल मी नाकारली नाही. चांगली होती.

मिठागरांवरच्या खाऱ्या हवेत रेडियम तीन महिनेही टिकलं नाही. आधी वर्गाचा आकडा गेला, मग नंबरातले दोन गेले, त्यातही सहा आधी. जयंतीभाईंनी फ्लॅटची गिऱ्हाइकं आणली तेव्हा कुणीतरी विचारलं, हा डबा चोरीचा आहे का? सभा भरली. खंडू जाधव यांना अक्षरलेखनाचे काम सन्मानपूर्वक देण्यात यावे. सन्मानपूर्वक हा शब्द मृणालिनीताईंनी सुचवला. सांगायला कुणी जायचं, याला चिठ्ठी काढली नाही. मला पाठवलं.

जाधव भाईंदर पूर्वेला राहायचे, इंद्रलोककडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडच्या चाळीत. दाराबाहेर दोन स्टुलांवर एक लांब फळी आडवी ठेवली होती, गडद निळा रंग दिलेली. त्यांच्या विहाराचा बोर्ड होता. जाधव गुडघ्यावर बसून तिच्यावर टोचलेला कागद बसवत होते. पुरचुंडी हातात. सगळा हात खडूने पांढरा.

"या साहेब," ते म्हणाले. उठले नाहीत.

संघप्रियाने खुर्ची आणली, पाण्याचा तांब्या ठेवला. मी ठराव सांगितला. सन्मानपूर्वक हा शब्द मी दोनदा वापरला.

"खंडू... जाधव," मी म्हणालो, "तो सहा तुमचा आहे. तुम्हाला नीट लिहायचा होता ना?"

"व्हय."

"मग?"

ते कागदाची कड अंगठ्याने सरळ करत राहिले. "साहेब, तो सहा वाईट होता म्हणून तीस वर्षं मला चुटपूट होती. आता नाय. असू दे तसाच. तुमच्या डब्याला तो शोभतो."

"बाबांच्या वतीने मी विचारू का एक?" संघप्रिया म्हणाली. ती दाराला टेकून उभी होती, आवाज अजिबात चढलेला नव्हता. "काका, त्या सहा रविवारांत तुमची चिठ्ठी किती वेळा निघाली होती?"

"दोनदा."

"आणि तुम्ही केलंत एकदा. त्याची शाल मिळाली म्हणतात."

"संघे," जाधव म्हणाले.

"विचारलं फक्त," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिने चहा आणला. कप चांगला होता, बशीसकट. मी तो संपवला.

जाधवांनी कागद उचलला. निळ्या फळीवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ उमटली होती. आता अक्षरांच्या खालची रेघ मारायची होती. त्यांनी खडू लावलेला दोरा उलगडला आणि एक टोक हातात धरून फळीचं दुसरं टोक बघायला लागले. फळी त्यांच्या हातापेक्षा खूप लांब होती. मी खुर्चीवरून उठलो आणि दोऱ्याचं दुसरं टोक धरायला हात पुढे केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "खिळा आहे."